मोठी कंपनी 90 दिवसांनी पैसे देते, तेव्हा कर्ज कोण काढतं?



मोठ्या कंपनीचा व्हेंडर कोड मिळाला की आपल्याकडे पेढे वाटतात. जरूर वाटा. पण त्याआधी पर्चेस ऑर्डरवरची एक ओळ वाचा. बहुतेक वेळा ती अगदी शेवटी, बारीक अक्षरात असते. पेमेंट टर्म्स : 90 दिवस.

कंपनी किती नीतीने चालते हे वेबसाइटवरच्या 'आमची मूल्ये' या पानावरून कळत नाही, ते या ओळीवरून कळतं असं माझं मत आहे. कुणाला कडवट वाटेल, वाटू दे.

बीबीएला आम्हाला बिझनेस एथिक्स होतं. त्यात लिहायचं की ग्राहक, कामगार, पुरवठादार, सगळ्यांचं हित कंपनीने बघावं. फायनान्सच्या पेपरात वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंट होतं. त्यात लिहायचं की येणी लवकर वसूल करा आणि देणी जमेल तितकी लांबवा. दोन्ही उत्तरांना मार्क मिळायचे. हे पुरवठादाराचं हित आणि ही लांबवलेली देणी एकाच माणसाची आहेत, हे काही कुणी फळ्यावर लिहून दाखवलं नाही.

आता हिशोब करू. समजा तुम्ही एका कंपनीला दर महिन्याला 3 लाखांचा माल देता आणि पैसे 90 दिवसांनी येतात. म्हणजे कायम 9 लाख रुपये तिकडे अडकलेले. हे 9 लाख तुम्ही 15 टक्क्यांनी कर्ज काढून उभे केले, तर वर्षाचं व्याज 1 लाख 35 हजार. तुमची वर्षाची विक्री 36 लाख. त्यावर 8 टक्के नफा धरला तर 2 लाख 88 हजार. जवळजवळ निम्मा नफा व्याजात गेला! वर जीएसटी वेगळाच. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात टॅक्स तुम्ही खिशातून भरायचा. त्या टॅक्सचं क्रेडिट कंपनी आधी घेते, तुमचे पैसे मागाहून देते. थोडक्यात, बँकेत ज्याला सगळ्यात महाग कर्ज मिळतं तो ज्याला सगळ्यात स्वस्त मिळतं त्याला पैसे पुरवतोय.

अकाउंट्समध्ये बसलेला माणूस वाईट असतो असं अजिबात नाही. 'फाइल वर गेलीये मॅडम' असं सांगतो ना, त्याला वरून सांगितलेलं असतं की मार्चच्या आत पैसे बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. ताळेबंदात रोख रक्कम भरपूर दिसायला हवी. त्याच्या साहेबाचं अप्रेझल त्यावर ठरतं. वाईटपणा असतो तो त्या टार्गेटमध्ये, आणि टार्गेट ठरवणारा माणूस तुमच्या फोनवर कधीच येत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. ब्रिटनमधली टेस्को ही सुपरमार्केटची मोठी साखळी घ्या. तिथल्या किराणा क्षेत्राच्या नियामकाने जानेवारी 2016 मध्ये अहवाल दिला, की स्वतःची आर्थिक स्थिती चांगली दिसावी म्हणून टेस्कोने पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून उशिरा दिले. दंड मात्र झाला नाही. तो प्रकार घडला तेव्हा नियामकाला दंड करायचा अधिकारच नव्हता.

त्याहून भयंकर गोष्ट कॅरिलियनची. हीसुद्धा ब्रिटनची, बांधकामातली बडी कंपनी. सरकारी हॉस्पिटलं बांधायची, शाळा आणि तुरुंगांची देखभाल करायची. वेळेवर पैसे देऊ अशी शपथ घेणाऱ्या 'प्रॉम्प्ट पेमेंट कोड'वर तिची सही होती. प्रत्यक्षात पुरवठादारांना 120 दिवस थांबावं लागायचं. लवकर हवे असतील तर बँकेमार्फत मिळायचे, पण थोडे कापून. म्हणजे स्वतःचेच पैसे मिळवायला डिस्काउंट द्यायचा. 2016 सालासाठी कंपनीने 7.9 कोटी पौंडांचा विक्रमी लाभांश दिला आणि 15 जानेवारी 2018 ला ती बुडाली. तेव्हा हातात रोख 2.9 कोटी पौंड होते आणि देणी जवळपास 700 कोटी पौंडांची. त्यातले सुमारे 200 कोटी पौंड 30 हजार पुरवठादारांचे. म्हणून सांगते, 'एवढी मोठी कंपनी आहे, पैसे कुठे जातायत' हे वाक्य उधारी देताना मनात आणू नका.

आपल्याकडे या बाबतीत कायदा चांगला आहे. 2006 चा एमएसएमई विकास कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. करार नसेल तर 15 दिवसांत. पीओवर 90 दिवस छापले म्हणून 90 होत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने व्याज. 2024 मध्ये बँक रेट 6.75 टक्के होता, म्हणजे 20.25 टक्के. कंपन्या दिवस मोजतात ते 'बिल अकाउंट्सला पोचल्यापासून'. कायदा मोजतो माल पोचल्यापासून, तुमच्या मालावर 15 दिवसांत लेखी हरकत आली नसेल तर. त्यामुळे डिलिव्हरी चलनावर तारखेसकट सही-शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. 2023-24 च्या हिशोबापासून आयकराचं 43बी(एच) कलमही आलं : या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देईपर्यंत कंपनीला तो खर्च दाखवता येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. माझ्यासारख्या बॉक्स-टेपच्या दुकानदाराला, निव्वळ ट्रेडिंगवाल्याला, उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणून मी कंपन्यांना माल देते तो अर्धा अ‍ॅडव्हान्स घेऊनच. दोन ऑर्डरी त्यामुळे गेल्या, गेल्या तर गेल्या.

तुम्ही म्हणाल, कायदा दाखवला तर कंपनी उद्यापासून ऑर्डरच देणार नाही. खरंय. तक्रार करणारे बरेचदा धंद्याचं नातं संपल्यावरच करतात. म्हणून भांडण सुरू व्हायच्या आधी, दर ठरवतानाच बोला. 45 दिवसांचा एक दर आणि 90 दिवसांचा व्याज धरून दुसरा, असे दोन रकाने कोटेशनमध्ये टाका आणि उद्यम नंबर बिलावर ठळक छापा. पर्चेसवाला चिडत नाही, त्याला आकड्यांची भाषा कळते. आणि एकाच कंपनीवर विक्रीचा तिसरा हिस्सा जाईल, इतकं तिच्यावर विसंबू नका. हा आकडा माझा अंदाजाचा आहे, पुस्तकातला नाही.

आता जरा स्वतःकडे वळा. कंपनीकडून पैसे आले नाहीत म्हणून तुम्ही पुठ्ठेवाल्याला थांबवता, तो त्याच्या कामावरच्या बाईला थांबवतो. या रांगेत शेवटी जो उभा असतो त्याच्याकडे ना उद्यम नंबर असतो, ना बिल. तुमच्या दुकानात किंवा युनिटमध्ये आज कुणाचे पैसे 45 दिवसांच्या पुढे गेलेत, त्यांची यादी या रविवारी काढा. कंपनीला तगाद्याचा मेल सोमवारी पाठवा.