दाढीची घाई

मुलांनो, आपल्या भाषेची एक गंमत बघा. पोळ्या करणं म्हणजे पोळ्या तयार करणं, पण दाढी करणं म्हणजे असलेली दाढी काढून टाकणं! दाढी हवी असेल तर ती 'राखावी' लागते. हा शब्द आम्हाला फार पटतो. राखायची म्हणजे जी आहे ती सांभाळायची. आमच्या घरात मात्र गेल्या वर्षी नसलेली दाढी उगवून आणायचा कारखाना निघाला होता, आणि तोही आम्हाला न कळता.

सुरुवात शिवजयंतीच्या नाटकाच्या तालमीत झाली. मोठ्या मुलांपैकी दोघांना खरीखुरी दाढी होती, आमच्या चिरंजीवांना चिकटवावी लागली. वय वर्षे १६. (हे सगळं त्याच्या परवानगीने लिहितो आहोत. त्याने वाचून दोन वाक्यं खोडलीही आहेत.) एक काका प्रेमानेच म्हणाले, "अरे, तुझ्या वयात आम्ही दिवसाआड दाढी करत होतो!" सगळे हसले, आम्हीही हसलो. तो हसला नाही, हे आमच्या लक्षातही आलं नाही.

पुढे उन्हाळ्यात वजन जरा उतरलेलं दिसलं म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टात थायरॉइड वाढलेलं! तीन आठवडे घरात कुणाला धड झोप नाही. सांगलीहून आजीचे दिवसातून दोन फोन. शेवटी थायरॉइडच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या, पावडरी, काय काय घेतोस?" बराच वेळ शांतता. मग दप्तरातून बाटली निघाली. दाढी वाढवणाऱ्या गोड गोळ्या, एकेकीत १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन. मोठ्या माणसाला दिवसाला ३० पुरतात. म्हणजे तीनशे पटींहून जास्त!

गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. सगळं ठणठणीत. थायरॉइड बिघडलंच नव्हतं, बिघडला होता तो रिपोर्ट. रक्ताच्या कित्येक चाचण्या बायोटिनच्या चिकटण्याच्या गुणावरच चालतात, त्यामुळे रक्तात ते फार झालं की आकडे खोटे येतात. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमधले. मोजणारंच चुकलं तर माणूस नसलेला दोष शोधत बसतो, हे आम्ही रोज कामावर बघतो, पण घरात ओळखता आलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्याची चाचणी अशीच खोटी कमी आल्यामुळे एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यात आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही, एवढंच.

मग आम्ही बापलेक बसून वाचू लागलो. दाढी ठरते दोन गोष्टींवर. एक, वयात येताना वाढणारं टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून बनणारं डीएचटी. दुसरी, आणि बहुतेकांच्या बाबतीत मोठी, म्हणजे केसांची मुळं त्या हॉर्मोनला किती दाद देतात ती. हे आईवडिलांकडून येतं. संदेश एकच, पण ऐकणारे वेगवेगळे. ज्या डीएचटीमुळे गालावर केस दाट होतात, त्याच डीएचटीमुळे काहींच्या डोक्यावरचे उडतात. (आमच्याकडे पुरावा आहे.) केस येतातही क्रमाने : आधी ओठाच्या कोपऱ्यांवर, मग सगळं मिसरूड, मग कल्ल्यांजवळ, आणि हनुवटीच्या कडा सर्वांत शेवटी. कित्येकांची दाढी पंचविशीपर्यंत भरत राहते. सोळाव्या वर्षी निकाल मागणं म्हणजे पेपर अर्धा झाला असताना मार्क विचारणं.

वस्तरा फिरवल्याने केस दाट होतात, हेही खोटं. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच मोजून दाखवलं होतं. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून खरखरीत लागतं.

मिनॉक्सिडिलची बाटलीही काही मुलांच्या खोल्यांत आहे असं कानावर आलं आहे. हे मुळात रक्तदाबाचं औषध. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला टकलावर लावायची परवानगी मिळाली, दाढीसाठी नाही, आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी तर नाहीच. मोठ्या माणसांच्या एका छोट्या चाचणीत दाढीला फायदा दिसला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्याने छातीत धडधडू शकतं, आणि घरात मांजर असेल तर तिने ते चाटलं तरी जिवावर बेतू शकतं.

तब्येतीचा संबंध नाही असं नाही. पोटभर जेवण, लोह, झिंक, झोप हे सगळं लागतं. शिकागोत २०११ मध्ये दहा तरुणांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं. म्हणून दहा तास झोपलं की दाढी येईल असं नव्हे! मात्र दाढीत नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला, किंवा चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच खूण दिसली नाही, तर डॉक्टरांकडे जावं. बाटलीकडे नव्हे.

'एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवतो विडी' अशी आपली म्हण आहे. विड्या पेटवणारे दुकानदार आहेतच. पण आग लावली कुणी? मुलींच्या रंगा-वजनावर बोलू नये, हे आपण आता बऱ्यापैकी शिकलो आहोत. मुलांना मात्र "अजून मिसरूड नाही का रे?" असं भर पंगतीत विचारतो आणि त्याला कौतुक म्हणतो. आमच्या मते हा प्रश्न आता बंद व्हावा. आम्ही आमच्यापुरता केला आहे, आणि त्या काकांनीही, हा लेख दाखवल्यावर, मोकळेपणी "चुकलंच" म्हटलं.

तालमी लवकरच सुरू होतील. चिरंजीवांनी यंदाही भूमिका मागितली आहे. गेल्या वर्षीची चिकटवायची दाढी कुणाच्या घरी राहिली असल्यास येत्या रविवारी आणून द्यावी. डिंक आम्ही आणतो.