घर नसलेली रंगभूमी

'वडशाला एक भव्य नाट्यगृह झालेच पाहिजे', अशी मागणी आपल्या भागात अधूनमधून ऐकू येते. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्यांना भव्य नाट्यगृहे मिळाली, त्यांचे काय झाले, हे आधी पाहिलेले बरे.

मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा बांधकाम अजून चालूच होते. नाव ऑपेराचे असले, तरी बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे सूरही त्या घुमटाखाली घुमले. मग बोलपट आला. १९३१ मध्ये 'आलम आरा', १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'. या दुसऱ्या चित्रपटात हरिश्चंद्र झाले होते संगीत रंगभूमीवरचे गोविंदराव टेंबे! १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व 'धर्मात्मा'साठी प्रभातच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. त्याच दशकात ऑपेरा हाऊसचे रीतसर सिनेमागृह झाले. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते घेतले, १९९३ मध्ये दारे बंद झाली. तेवीस वर्षे ती वास्तू धूळ खात पडली. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली, आणि उघडली ती पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गाण्याने.

म्हणजे नाटकाचे घर सिनेमाने घेतले, सिनेमालाही ते परवडेनासे झाले, आणि शेवटी गाणे घरी परतले. ऐकायला गोष्ट गोड आहे. पण मधल्या काळात ज्या नाटक मंडळ्या उठल्या, त्या परत आल्या नाहीत. भिंतींची दुरुस्ती होते, मंडळीची होत नाही. यात थिएटरमालकांना दोष देण्यात अर्थ नाही. नाटक कंपनी म्हणजे नट, साथीदार, आचारी, पडदे आणि ट्रंका यांचे फिरते बिऱ्हाड. सिनेमा म्हणजे चार-सहा डबे रिळे. रिळे जेवत नाहीत, रुसत नाहीत, आणि दिवसाला तीन खेळ बिनतक्रार करतात. मालकाने हिशेब केला, एवढेच.

आता आपल्या झाडीकडे या. इथे सिनेमाने घेण्यासारखे घरच नव्हते! धान निघाले की मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडायचा, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. दंडार आणि खडी गंमत यांच्या अंगणातून आलेली ही रंगभूमी जमिनीच्या भाड्यावर कधी अवलंबून नव्हती. म्हणून पुण्या-मुंबईचे संगीत नाटक जेव्हा आजारी पडले, तेव्हाही आपल्याकडे ऑर्गन आणि तबला मंचापुढे वाजतच राहिले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळेपर्यंत पट बंद राहिले. तरी मंडईच्या निमित्ताने नाटके होतच राहिली. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे पाच हजारांवर प्रयोग कोणत्या नाट्यगृहात झाले, हे कोणी विचारील काय?

आमच्या एका प्राध्यापकांचे म्हणणे असे, की हे सारे मजबुरीचे गुणगान आहे. कलावंताने थंडीत कनातीआड कपडे का बदलावेत? स्त्री-कलावंतांची सोय कोण पाहतो? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळता येणार नाही. पण त्याचे उत्तर एक मोठे सभागृह हे नव्हे. चंद्रपूरला प्रियदर्शिनी सभागृह आहेच; स्पर्धेच्या नाटकांना ते उत्तम. झाडीचे नाटक तिथे नेले, तर गावचे मंडळ, तिकिटाचे उरलेले पैसे, घरोघरी आलेले पाहुणे, आणि त्याच गर्दीत ठरणारी सोयरीक, हे सगळे गावातच राहील आणि तिकडे फक्त संवाद जातील. रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपणारा खेळ कोणते सभागृह चालू देईल, हा प्रश्न वेगळाच. (तीन तासांत बसवलेले झाडीचे नाटक म्हणजे हुरड्याशिवाय शेकोटी.)

माझी सूचना साधी आहे. तालुक्याच्या गावी जी जुनी टॉकीज बंद पडली असेल, तिचे गोदाम किंवा मंगल कार्यालय होण्याआधी नगर परिषदेने ती भाड्याने घ्यावी. तिथे प्रयोग नकोत. तिथे पावसाळ्यात तालमी होऊ द्या, पडदे आणि वाद्ये ठेवायला कोरडी जागा मिळू द्या, नव्या पोरींना ऑर्गनवर गाणे शिकवणारे कोणी बसू द्या. नाटकांच्या हस्तलिखित वह्या एका कपाटात जमा होऊ द्या. आज त्या कोणाच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी आहेत. आणि प्रत्येक गावच्या मंडळाने मंडपामागे दोन बंद खोल्या व पाण्याची सोय केल्याशिवाय पोलिसांनी परवाना देऊ नये. दिवाळी झाली की मंडळी तिथून निघतील आणि बांधीवर जातील. नाटक तिथेच होईल.