बाटलीतली मुदत ठेव

बदलीच्या नोकरीत माणसाला दोन शिक्षा असतात. एक, ऐन मे महिन्यात विदर्भात बदली होणे; आणि दुसरी, ऐन डिसेंबरात गोव्यात असणे. पहिलीत एकही नातेवाईक फिरकत नाही, दुसरीत एकही चुकत नाही.

गेल्या नाताळात आमचे साडू सहकुटुंब आले. साडू पुण्याचे. नाशिकच्या एका द्राक्षमळ्यात दीड तास हिंडून आल्यापासून ते वाइनमधले जाणकार झाले आहेत. पेल्यात काहीही ओतले की आधी ते तिरके धरून बघतात, मग हुंगतात, मग डोळे मिटतात. आमच्या हिने दिलेल्या कोकम सरबताचेही त्यांनी हेच केले. ही घाबरली. तिला वाटले, सरबत नासले.

आम्ही राहतो ते घर आंटींचे. खाली आम्ही, वर त्या. वय 84. रोज रात्री औषध म्हणून त्या इथली गोड पोर्ट दोन चमचे घेतात. आपल्याकडेही पोर्ट ही दारू नसून टॉनिक आहे असे मानणारी घरे होतीच. तर आंटींचा मुलगा पाच वर्षांनी लिस्बनहून आला आणि येताना खरी, म्हणजे पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली पोर्ट घेऊन आला. तीन बाटल्या. एक साधी रूबी, एक वीस वर्षांची टॉनी आणि एक 2011 ची विंटेज. नाताळच्या रात्रीचे जेवण वर, सगळ्यांचे एकत्र. उघडायची कोणती?

"विंटेज!" साडू म्हणाले. "2011 म्हणजे गाजलेले साल. बाकीच्या दोन तिच्यापुढे काढ्यासारख्या."

आंटी माझ्याकडे वळल्या. "बँकवाले, तुम्ही सांगा."

आता मला दारूतले काही कळत नाही. पण मी बी.कॉम. आहे, आणि वीस वर्षे ठेवींच्या काउंटरवर काढली आहेत. आंटींच्या मुलाने बाटल्यांची माहिती सांगितली तेव्हा माझ्या लक्षात आले की हे सगळे आपलेच खाते आहे.

बघा. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओतायची. आंबणे थांबते, साखर शिल्लक राहते, आणि तयार होते ती पोर्ट. इथपर्यंत सगळ्या सख्ख्या बहिणी. पुढे फरक. रूबी थोडी वर्षे ठेवून बाटलीत भरतात. ते चालू खाते. व्यवहार रोखठोक, व्याजाची अपेक्षा नको. विंटेज मात्र दरवर्षी निघत नाही. साल उत्तम असेल तरच तशी घोषणा होते. दोन-तीन वर्षे पिंपात, आणि मग बाटलीत वीस-वीस, तीस-तीस वर्षे पडून राहायचे. ही मुदत ठेव. आणि टॉनी लाकडी पिंपातच म्हातारी होते. लालीची तपकिरी होते, आणि बाटलीत भरली की प्यायला तयार. वरचा वीसचा आकडा म्हणजे जन्मदाखला नव्हे. जुन्या-नव्या पिंपांचे मिश्रण वीस वर्षांच्या चवीला आले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे थांबायचे ते दुसऱ्या कोणीतरी थांबून झालेले आहे. आपण फक्त बूच काढायचे.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर दंड बसतो."

"प्रसंग मोठा असेल तर मोडावी," साडू म्हणाले.

इथेच माझे डोके फिरते. प्रसंग मोठा म्हणजे बाटली मोठी, हे समीकरण कोणी काढले? आपल्या मध्यमवर्गात ही खोड जुनी आहे. पाहुणे आले की कपाटातला चिनी मातीचा सेट बाहेर निघतो, आणि मग तो फुटू नये या काळजीत चहाची चव कोणालाच लागत नाही. विंटेजचे तेच. ती आदल्या दिवसापासून उभी करून ठेवा, तळाशी गाळ बसू द्या, हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओता, फडक्यातून गाळा. जावईसुद्धा याहून कमी मान मागतो. आणि एवढे करून, उघडली की दोन दिवसांत संपवायची, नाहीतर उतरली. 750 मिलीची बाटली, छोट्या पेल्याच्या हिशेबाने दहा-बारा पेले. आंटींना डॉक्टरांनी एकाची परवानगी दिलेली, मला आमच्या हिने एकाची, मुलगा दोन घेणार, आणि दोघी बहिणी नुसता वास घेऊन "कफ सिरप!" म्हणणार. उरलेले सात-आठ पेले कोण संपवणार? साडूंच्या विंटेजप्रेमाचे मूळ या प्रश्नाच्या उत्तरात असावे असा माझा संशय आहे.

टॉनी म्हणजे बचत खाते. जरा गार करून द्या, वाटेल तेवढी काढा, बूच लावून थंड जागी ठेवा. काही आठवडे रुसत नाही. शिवाय टेबलावर बेबिंक होते. नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर, तूप. एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. आंटींनी सात थरांसाठी सगळी सकाळ चुलीपाशी काढली होती. अशा खमंग गोडाशेजारी टॉनीच हवी. विंटेजला म्हणे निळ्या बुरशीचे चीज लागते. आमच्या घरात बुरशी आली की पाव फेकतात.

मी रंगात आलो होतो. "हिशेबच करू. 2011 मध्ये वीस मिळवा, 2031. ती तर तिची नुसती उमेद. खरी चव हवी तर 2040 धरा. म्हणजे अजून..."

आणि मी थांबलो. साडूही बूच काढायचा स्क्रू हातात धरून थांबले.

आंटी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे ती माझ्यासाठी नाही."

मुलगा घाईने म्हणाला, "मम्मा, तसं नाही. ती पुढच्या वेळी उघडू."

"पुढच्या वेळी तू ये," आंटी म्हणाल्या. "बाटली नसली तरी चालेल."

कोणी काही बोलले नाही. मुलानेच टॉनी उघडली. आंटींनी चमचा बाजूला ठेवला आणि प्रथमच पेल्यातून, औषध म्हणून नव्हे, पोर्ट प्यायल्या. बेबिंकचा एक तुकडा, एक घोट. मग म्हणाल्या, "देव बरें करूं. वीस वर्षं कोण सांभाळत बसला होता, त्याला."

म्हणून माझे सांगणे एवढेच: घरच्या जेवणाला बाटली निवडताना बाटलीचे वय बघू नका, टेबलाशी बसलेल्या माणसांचे बघा. साठवण्यासारखे खूप असते, पण समोर बसलेले माणूस साठवता येत नाही. हे मी, ठेवी गोळा करण्याचा पगार घेणारा माणूस, लिहून देतो.

विंटेज आता आंटींच्या कपाटात आडवी पडून आहे. वारस म्हणून तिच्यावर नातीच्या नावाची चिठ्ठी लावली आहे, अक्षर माझे. टॉनी जानेवारीच्या मध्यापर्यंत पुरली. दर रविवारी मला वरून हाक यायची. मुलाने ईस्टरचे तिकीट काढल्याचे मला तेव्हाच कळले.

साडूंनी मात्र पुण्यात सगळ्यांना सांगितले की गोव्यात आपण 2011 ची विंटेज उघडली आणि ती अप्रतिम होती. मी खंडन केले नाही. नात्यात एवढे व्याज सोडावे लागते.