पत्र ठेवा, वजन उतरवा

रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी उठवलेली हजारो कुटुंबे मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये राहतात. घर मिळाले ते पुराव्याच्या कागदांवर. त्यामुळे कागदाची किंमत या वस्तीला कोणी शिकवायला नको. पण पुढच्या पिढीचे ऑफर लेटर, फीची पावती, विम्याची पॉलिसी आता कपाटात नाही, मेलबॉक्समध्ये असते. आणि तो मेलबॉक्स भरत चालला आहे.

२००४ मध्ये जीमेलने १ जीबी जागा दिली, तेव्हा ती कधी संपेल असे वाटत नव्हते. आज फुकट मिळणारे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून वापरायचे असतात. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. जागा संपली की नवा मेल आत येत नाही. मुलाखतीचे बोलावणे असे दारातूनच परत जाऊ शकते. या धास्तीने लोक जुन्या वर्षांचे मेल सरसकट उडवतात. हे थांबायला हवे, कारण भार पत्रांचा नसतोच.

नुसत्या मजकुराचा मेल थोड्या केबींचा असतो. जागा खातात त्या जोडलेल्या फायली. मेलची यंत्रणा मुळात अक्षरे वाहून नेण्यासाठी बांधलेली, म्हणून फाइल जोडताना तिच्या दर ३ बाइटची ४ अक्षरे होतात. १५ एमबीचा स्कॅन मेलमध्ये २० एमबीचा होतो. त्यात झेरॉक्सच्या दुकानात साधा दाखलाही ६०० डीपीआयवर रंगीत काढला, तर २०० डीपीआयच्या कृष्णधवल छटांच्या प्रतीपेक्षा मशीन २७ पट माहिती टिपते. वाचणाऱ्याला दोन्हींत अक्षरे तीच दिसतात.

तेव्हा आधी १० एमबीपेक्षा मोठे मेल शोधावेत. जीमेलच्या शोधात आकाराची अट घालता येते. फॉरवर्ड होऊन दोन-तीनदा आलेली तीच फाइल, लग्नाचे व्हिडिओ, जाहिराती काढाव्यात. उरलेला संग्रह टेकआउट या गूगलच्याच सोयीतून झिप स्वरूपात उतरवून घ्यावा. मजकूर छान आवळतो, जोडताना फुगलेला भागही बराचसा वसूल होतो. जेपीईजी फोटो मात्र आधीच आवळलेले असतात. ते झिपने फारसे कमी होत नाहीत. प्रत दोन ठिकाणी ठेवावी, उघडून पाहावी आणि मगच मूळ मेल पुसावेत.

पुराव्याच्या मेलना मात्र हात लावू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद जपताना मूळ स्वरूप किंवा त्याचे अचूक रूप, तसेच ती कुठून आली, कुठे गेली, केव्हा गेली हा तपशील टिकावा अशी अट आहे. स्क्रीनशॉटमध्ये तो पूर्ण तपशील उरत नाही. नोकरी, घर, उपचार आणि तक्रार यांचे मेल जोडपत्रांसह जसेच्या तसे राहिले पाहिजेत.

हे सारे एकट्या विद्यार्थ्याच्या गळ्यात घालणे बरोबर नाही. दाखले स्कॅन करून देणाऱ्या केंद्रांनी २०० डीपीआय हेच नेहमीचे माप ठेवावे, शिक्का किंवा फोटो असेल तरच रंग वापरावा. कॉलेजांनी प्रवेशाच्या दिवसांतच मेल जपायला शिकवावे. ज्यांच्या आईवडिलांना कागदाच्या बळावर छप्पर मिळाले, त्या मुलांचे कागद जागेअभावी नष्ट होता कामा नयेत.