‘काही विचारायचंय?’ ‘नाही सर.’

मुलाखत संपत येते. साहेब फाइल मिटतो, घड्याळाकडं बघतो नि म्हणतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ आमचं पोरगं चटकन उठतं. ‘नाही सर. थँक्यू सर.’ खलास! पाच मिनिटं हक्काची होती, तीही दान करून आला गडी.

का? बापजाद्यांनी चावडीबाहेर उभं राहून जोहार केला. त्यांच्या पोराला नोकरी अजून उपकारच वाटते, आणि उपकार करणाऱ्याला सवाल कोण करतो? पण दोस्तांनो, हा सौदा आहे. आपली आई पावशेर भेंडी घेताना शेंडा मोडून बघते. आपण मात्र उमेदीची वर्षं न विचारता देऊन टाकायची?

ते बरोबर विचारतात. पूर्ण नाव? मूळ गाव? वडील काय करतात? सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीकडच्या कंपन्यांतल्या भरती करणाऱ्या साहेबांशी बोलून २००७ साली हेच मांडलं. तोंडात गुणवत्ता, पण ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारल्याशिवाय चैन नाही. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास आला. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. तरी दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश. खासगीत राखीव जागा नाहीत, तिथं ही चाळणी. त्यातून खुर्चीपर्यंत पोचायचं, आणि वर गप्प बसायचं?

विचारा. मोर्चातली घोषणा तिथं नको, माहिती काढायचीय. ‘या जागेवर आधी कोण होतं, ते का गेले?’ साहेब किती खोकतो ते बघा. ‘पहिल्या सहा महिन्यांत काय केलं म्हणजे काम चांगलं म्हणाल?’ ‘बढती कोण ठरवतं, कशावरून?’ ‘आपण सगळे एका कुटुंबासारखे’ असं उत्तर आलं तर ओळखा, तिथं नियम नाही, मर्जी आहे. आणि मर्जीत आपलं पान कुठं मांडतात ते तुम्हाला सांगायला नको.

पैशाचे सवाल नोकरी देतो म्हटल्यावर, पण सही करायच्या आधी. कंपनीच्या रोलवर घेणार की कंत्राटदाराच्या? सीटीसीचा गलेलठ्ठ आकडा दाखवतात. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ नि ग्रॅच्युइटीही कोंबलेली असते. तेव्हा हातात किती, ते विचारा. बाँड आहे का, मोडला तर किती भरायचे?

आणि नेमणूक परगावी असेल तर राहायची सोय. हसू नका. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले; शिष्यवृत्तीच्या करारानं तिथली चाकरी बंधनकारक होती. शिक्षण कोलंबियाचं, हुद्दा मोठा, पण शहरात राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. डोक्यावर छप्पर नाही म्हणून बडोदा सोडावं लागलं. आजही खोली बघायला जा, घरमालक आधी आडनाव विचारतो. तेव्हा कंपनीची क्वार्टर्स आहेत का, निदान पहिला महिना गेस्ट हाऊस मिळेल का, हे विचारायला लाजू नका. ‘हो हो, बघू’ म्हणाले तर नेमणूकपत्रात लिहून मागा.