शहाद्याच्या आज्यांना कोण विचारणार?




आदिवासींना दारू सोडायला बाहेरच्या सुधारकांनी शिकवलं, हा समज डेव्हिड हार्डिमन यांनी ‘द कमिंग ऑफ द देवी’ (१९८७) या ग्रंथात खोडून काढला. पालघरकडच्या किनाऱ्यावर मांगेला कोळ्यांमध्ये सुरू झालेली सलाबाई देवीची लाट डांगातून सुरत जिल्ह्यात गेली, ते साल १९२२. दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांच्या कामावर जाऊ नका, असं ती अंगात आलेल्यांच्या तोंडून सांगे. आदिवासींनी स्वतःसाठी स्वतःच घडवलेला हा धर्म होता. हार्डिमन यांचं हे ऋण मी मानते.

पण देवीने कोंबड्या-बकऱ्याही घरातून काढायला सांगितल्या होत्या, आणि तिथे मी अडखळते. आमच्या भागात कोंबडी ही घरच्या बाईची शिल्लक. आठवडी बाजारात एक विकली की मीठ-मिरची येते, पोराचं औषध येतं. तेव्हाही असंच असेल, तर किती जणींनी ती श्रद्धेने सोडली आणि किती जणींनी नाइलाजाने? मोहाची दारू गाळणाऱ्या बाईचं काय झालं? ‘आदिवासींनी दारू सोडली’ या वाक्यात ती सापडत नाही.

आमच्याकडेही १९३८ मध्ये तळोदा भागात गुलाम महाराजांनी आरतीला जमणाऱ्या भिल्लांना दारू सोडायला सांगितलं. ती गुरूची आज्ञा होती. पुढे १९७२-७३च्या सुमारास शहाद्यात श्रमिक चळवळीतल्या आदिवासी बायका स्वतः गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या. बायकोला मारणाऱ्यालाही त्यांनी जाब विचारला. मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिलं, म्हणून जगाला ती कळली. माझ्या मते या दोन घटनांमधला दुवा हाच संशोधनाचा खरा विषय आहे: महाराजांच्या आरतीला बसणाऱ्या आईने लेकीला काय सांगितलं होतं?

पोलीस आणि अबकारी खात्याच्या दप्तरात याचं उत्तर मिळायचं नाही. मडकी फोडणाऱ्या त्या तरुणी आज सत्तरीच्या पुढे आहेत. विद्यापीठांनी भिली, पावरी बोलणाऱ्या मुलींना संशोधनवृत्ती देऊन त्यांच्याकडे पाठवावं, आणि याच वर्षी पाठवावं. प्रश्न या आज्यांच्याच बोलीत विचारावेत. मराठीत विचारलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या ‘हो’ म्हणून गप्प बसतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नंदुरबार जिल्हा