पाच डॉलरचे सभासदत्व आणि सरकारचा हिशेब

बहुमताचा कौल पदरात पडूनही सत्ता सोडावी लागण्याचा प्रसंग संसदीय लोकशाहीत क्वचितच येतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात तो १८ मे २०२२ रोजी आला. युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या सभासदांनी आपल्या नेत्यावर, म्हणजेच प्रांताच्या मुख्यमंत्र्यावर, विश्वास आहे की नाही याविषयी टपालाने मतदान केले. जेसन केनी यांच्या बाजूने १७,६३८ मते पडली, विरोधात १६,६६०. एक्कावन्न टक्क्यांहून थोडे अधिक. नियमानुसार ते जिंकले होते. परंतु त्याच संध्याकाळी त्यांनी पदत्यागाची घोषणा केली. तीनच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, याच गृहस्थांनी ८७ पैकी ६३ जागा जिंकून सरकार स्थापन केले होते. विधानसभेत त्यांच्या बहुमताला कोणताही धोका नव्हता. त्यांना घालविले ते पक्षाची वर्गणी भरणाऱ्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी आणि तेलविहिरींवरील कामगारांनी.

ज्या देशात पक्षाध्यक्षाची निवड ‘एकमताने’ होते आणि मुख्यमंत्र्याचे नाव राजधानीतून येणाऱ्या बंद पाकिटात असते, तेथील वाचकाला हे दृश्य हेवा वाटावे असे आहे. तो हेवा काही अंशी रास्तही आहे. मात्र नेत्याला पाडण्याची सभासदांची शक्ती आणि सरकारला हिशेब मागण्याची नागरिकांची शक्ती या दोन गोष्टी एक नव्हेत. अल्बर्टाचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास या दोहोंमधील अंतर जितक्या स्पष्टपणे दाखवितो, तितका दुसऱ्या कोणत्या प्रांताचा दाखवीत असेल असे वाटत नाही.

अल्बर्टाच्या मातीतच ही परंपरा आहे. १९२१ मध्ये तेथे शेतकरी संघटनेनेच सरकार बनविले, आणि प्रतिनिधी हा आपल्या भागातील शेतकरी-शाखांचा वकील असतो, पक्षाचा हुकुमाचा ताबेदार नव्हे, हा तिचा सिद्धांत होता. पुढे १९७१ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे सलग ४४ वर्षे, प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने राज्य केले. एकाच पक्षाचे इतके दीर्घ राज्य असले, की खरी निवडणूक पक्षाच्या बाहेर न होता आत होऊ लागते. राल्फ क्लाइन यांच्यासारख्या लोकप्रिय नेत्याला मार्च २००६ मध्ये पक्षसभेने अवघी ५५ टक्के मते दिली आणि चौदा वर्षांची कारकीर्द त्या वर्षाअखेर आटोपली.

या आतल्या निवडणुकीची दारे किती सताड उघडी होती, ते २०११ मध्ये दिसले. पाच डॉलर भरून कोणीही सभासद व्हावे आणि मत द्यावे, अशी व्यवस्था होती. पहिल्या फेरीत गॅरी मार यांना ४१ टक्के आणि अॅलिसन रेडफर्ड यांना सुमारे १९ टक्के मते मिळाली. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात रेडफर्डबाईंनी शिक्षणखात्याचे कापलेले १०७ दशलक्ष डॉलर दहा दिवसांत परत देण्याचे वचन दिले. शिक्षकांनी मोठ्या संख्येने पाच-पाच डॉलर मोजून सभासदत्वे घेतली आणि बाई मुख्यमंत्री झाल्या. पैसे परतही आले. शिक्षकवर्गाने राजकारणात इतक्या स्वस्तात इतका मोठा सौदा क्वचितच केला असेल! परंतु सौदा तो सौदाच. पाच डॉलरच्या मोबदल्यात मिळाले ते एक आश्वासन. सरकारच्या तिजोरीवर लक्ष ठेवण्याचा अधिकार त्यात आला नव्हता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये याच सभासदांनी रेडफर्ड यांच्यावर ७७ टक्के विश्वास व्यक्त केला. पुढल्या चार महिन्यांतच त्यांना जावे लागले. नेल्सन मंडेला यांच्या अंत्यसंस्काराच्या प्रवासावर झालेला ४५,००० डॉलरचा खर्च, शासकीय इमारतीच्या माथ्यावर योजलेले खासगी निवासस्थान आणि सरकारी विमानांचा वापर ही प्रकरणे बाहेर आली. विमानात दुसरे कोणी बसू नये म्हणून प्रवाशांची खोटी नावे नोंदविली गेल्याचे महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०१४ च्या अहवालाने उघड केले. म्हणजे हिशेब मागितला तो वृत्तपत्रांनी, विरोधी आमदारांनी आणि एका वैधानिक अधिकाऱ्याने. ७७ टक्के देणाऱ्या सभासदांपुढे यातले काहीच आलेले नव्हते. येण्याची सोयच नव्हती.

त्यानंतरचा प्रकार मात्र सभासदांच्या बाजूने नोंदविला पाहिजे. उजव्या बाजूचाच विरोधी पक्ष असलेल्या वाइल्डरोझ पक्षाचे नऊ आमदार, नेत्या डॅनिएल स्मिथ यांच्यासह, १७ डिसेंबर २०१४ रोजी सरकारपक्षात दाखल झाले. विरोधी पक्षनेत्यानेच सरकारला जाऊन मिळावे, हा प्रकार विलक्षणच म्हटला पाहिजे. कॅनडात पक्षांतरबंदीचा कायदा नाही. (आपल्या दहाव्या परिशिष्टाच्या दोनतृतीयांशाच्या कसोटीवर चौदांपैकी नऊ हा आकडा एकाने कमी भरला असता.) परंतु जे काम कायद्याने केले नाही ते शाखांनी केले. मार्च २०१५ मध्ये हायवुड मतदारसंघातील पक्षसभासदांनी स्मिथ यांना उमेदवारीच नाकारली आणि त्या मे महिन्यात निवडून आलेल्या विधानसभेत त्या नऊजणांपैकी एकही परतला नाही. ८७ पैकी ५४ जागा जिंकून डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने ४४ वर्षांची सत्ता संपविली. अपात्रतेच्या अर्जावर सभापतींच्या निर्णयाची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

२०१७ मध्ये दोन्ही उजवे पक्ष एक झाले. विलीनीकरणाला दोन्हीकडच्या सुमारे ९५ टक्के मतदारांनी संमती दिली. केनी यांनी त्या वेळी तळच्या कार्यकर्त्यांना एक लेखी हमी दिली होती: धोरण सभासद ठरवितील, नेता लादणार नाही. पुढच्याच वर्षी पक्षाच्या अधिवेशनाने त्यांना अडचणीचा एक ठराव संमत करताच, जाहीरनामा लिहिणारी लेखणी आपल्याच हाती आहे, असे त्यांनी सांगून टाकले. त्याहून गंभीर गोष्ट २०१९ च्या नोव्हेंबरात घडली. ज्या स्वतंत्र निवडणूक आयुक्ताने केनी विजयी झालेल्या २०१७ च्या नेतेपदाच्या स्पर्धेतील देणग्यांबाबत दोन लाख डॉलरहून अधिक दंड ठोठावले होते, त्याचे पदच सरकारने कायदा करून रद्द केले व ते काम मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे सोपविले. (पोलीस तपासात २०२४ मध्ये कोणावरही आरोप ठेवले गेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे.) या कृत्याबद्दल सभासदांनी केनी यांना शिक्षा केली काय? मुळीच नाही. त्यांचा रोष महामारीतील निर्बंधांवर होता. डिसेंबर २०२० मध्ये जनतेला घरात बसवून एक मंत्री हवाईला जाऊन आल्या, याची चीड त्यात होती आणि ती न्याय्यच होती. पण मुख्य तक्रार निर्बंध का घातले ही होती. हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे पद गेले, याची खंत त्या मतपत्रिकांत कोठे दिसली नाही.

येथे एक साधा हिशेब मांडण्यासारखा आहे. केनी यांच्या बाजूची व विरोधातील मते यांत ९७८ चा फरक होता. त्यांच्या जागी ऑक्टोबर २०२२ मध्ये स्मिथ आल्या, त्या सहाव्या फेरीत ५३.७७ टक्के मते घेऊन. मतदान केलेले सभासद होते सुमारे ८४,६००. अल्बर्टाची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत ४२ लाख ६२ हजार होती. अर्थशास्त्रात ज्याला एकवटलेले हितसंबंध म्हणतात त्याचेच हे उदाहरण आहे. ज्याला एका प्रश्नाची तीव्र ओढ आहे तो वर्गणी भरतो, थंडीत दोनशे किलोमीटर गाडी हाकून सभेला जातो. ज्याला सर्वच प्रश्नांची बेताची काळजी आहे तो घरी राहतो. ‘टेक बॅक अल्बर्टा’ नावाच्या संघटनेने हे अचूक ओळखले आणि २०२३ पर्यंत पक्षाच्या कार्यकारी मंडळावर आपली माणसे बसविली. सत्ताधाऱ्यांनी जनतेला जाब द्यावा ही तिची घोषणा. आपल्या आर्थिक व्यवहारांची माहिती कायद्याप्रमाणे न दिल्याबद्दल मात्र निवडणूक कार्यालयाने तिलाच २०२४ मध्ये लाखाहून अधिक डॉलरचा दंड केला.

नोव्हेंबर २०२४ च्या पक्षसभेत स्मिथ यांना ९१.५ टक्के मते मिळाली. त्याच सुमारास त्यांच्या सरकारने माहितीच्या अधिकाराचा जुना कायदा मोडीत काढून नवा आणला. मंत्रिमंडळाशी आणि मंत्र्यांच्या राजकीय मदतनिसांशी संबंधित कागदपत्रांवरील पडदा त्याने अधिक जाड केला. माहिती आयुक्त डायेन मॅक्लाउड यांनी जाहीर हरकत घेतली, तरी २०२५ च्या जूनमध्ये तो अंमलात आला. दरम्यान आरोग्यसेवेच्या बडतर्फ प्रमुखांनी, खासगी कंत्राटांची चौकशी केल्यामुळेच आपल्याला काढले, असा दावा न्यायालयात दाखल केला. सरकारने तो नाकारला, आणि आरोप हे आरोपच असतात. तरी पीटर गथरी या मंत्र्यांनी याच मुद्द्यावर राजीनामा दिला आणि दोन महिन्यांत त्यांना आमदारांच्या गटातून काढण्यात आले, ही वस्तुस्थिती आहे. जो पक्ष बंडखोर सभासदांनी घडविला, त्यात खरेदीव्यवहाराबद्दल विचारणाऱ्याला जागा उरली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ५१,००० शिक्षकांनी संप केला. वर्गातील विद्यार्थ्यांची वाढती संख्या ही त्यांची प्रमुख तक्रार होती. तीन आठवड्यांनी सरकारने एकाच रात्रीत कायदा करून त्यांना कामावर परतण्यास भाग पाडले. शिवाय नागरिकांच्या हक्कांच्या सनदेतील ३३ वे कलम वापरून हा कायदा न्यायालयाच्या आवाक्याबाहेर ठेवला. चौदा वर्षांपूर्वी पाच डॉलरमध्ये मुख्यमंत्री निवडणाऱ्या पेशाची ही अवस्था! तेव्हा नागरिकांनी हाती घेतले ते केनी सरकारनेच २०२१ मध्ये दिलेले हत्यार: आमदाराला परत बोलावण्याचा कायदा. वर्ष संपण्यापूर्वी मुख्यमंत्री स्मिथ धरून सरकारपक्षाच्या वीसहून अधिक आमदारांविरुद्ध अर्ज दाखल झाले. हा कायद्याचा दुरुपयोग आहे, असे सरकारपक्ष म्हणू लागला.

या हत्याराची धार मात्र तपासून पाहावी. गेल्या निवडणुकीत मतदारसंघात पडलेल्या एकूण मतांच्या ६० टक्के इतक्या सह्या ९० दिवसांत हव्यात. आता, जो आमदार ५५ टक्के मते घेऊन आला, त्याच्या विरोधात मत दिलेला प्रत्येक माणूस सही करील असे धरले, तरी भरतात ४५ टक्के. उरलेल्या पंधरा टक्क्यांसाठी त्याच्याच मतदारांच्या दारात जावे लागते, अथवा मतदानाला न गेलेल्यांच्या. कायदा अशक्य कोटीतला नाही. पण एखाद्या सरकारने निर्धास्त झोपावे इतपत कठीण निश्चित आहे. १९३६ मध्ये विल्यम एबरहार्ट यांच्या सरकारनेही असाच कायदा केला होता, आणि त्यात दोनतृतीयांश मतदारांच्या सह्यांची अट होती. स्वतः एबरहार्ट यांच्या ओकोटोक्स-हाय रिव्हर मतदारसंघातच त्या सह्या जमू लागल्या, तेव्हा १९३७ मध्ये सरकारने कायदा पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून टाकला. स्मिथ यांना २०१५ मध्ये उमेदवारी नाकारणारे हायवुड याच परिसरात मोडते.

प्रस्तुत लेखकाच्या मते सभासदांचा अधिकार काढून घेणे हा यावर उपाय नव्हे. मृतवत शाखांच्या पक्षापेक्षा भांडणाऱ्या शाखांचा पक्ष केव्हाही बरा. प्रश्न आहे तो सभासदाच्या हाती मत देण्यापूर्वी कोणते कागद असतात, हा. महालेखापरीक्षक, माहिती आयुक्त आणि निवडणूक अधिकारी यांचे अहवाल सार्वजनिक असतात. नेत्यावरील विश्वासाचे मतदान त्या वर्षीचे अहवाल सभेपुढे वाचले जाऊन त्यांवर चर्चा झाल्यानंतरच घ्यावे, एवढी एक दुरुस्ती पक्षाच्या घटनेत करता येईल. तिला ना विधानसभेची संमती लागते, ना मुख्यमंत्र्याची सही. सभासदांच्या वार्षिक सभेत ठराव मांडून ती संमत होऊ शकते, आणि असे ठराव मांडण्याची सवय अल्बर्टातील सभासदांना शंभर वर्षांची आहे.